सातपुड्याच्या नाल्यावर बंधारा बांधताय? आधी गोटे मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा-यावल पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका नाल्यावर तुम्ही दीड मीटर उंचीचा सिमेंट नाला बांध घातला. दोन पावसाळ्यांत तो माथ्यापर्यंत गोट्यांनी भरला. खाली दोनशे मीटरवर जुना फरशी पूल आहे, त्याचा पाया आता उघडा पडलाय. गावकरी म्हणतात, पोकलेन लावून नाला खोल करा. वरिष्ठ म्हणतात, बांधाची उंची वाढवून सुधारित अंदाजपत्रक पाठवा. आणि तुम्ही विचारता, या दोन्हीतलं बरोबर काय?

दोन्ही करू नका. का, ते सविस्तर सांगतो, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती एका शेतकऱ्याला भोवली.

नोकरीची पहिली काही वर्षं होती. पायथ्याच्या अशाच एका नाल्यावर दोन मीटरचा बांध घातला. पाणलोट मोजला, इंग्लिसच्या सूत्राने महापुराचा विसर्ग काढला, सांडव्याची लांबी ठरवली, स्थिरतेची गणितं केली. सगळं नियमात बसत होतं. पात्राबद्दल माझ्या अहवालात एकच शब्द होता: ‘गोटाड’. पहिल्या वर्षी पाणी साठलं, गावाने नारळ फोडला. दुसऱ्या वर्षी जुलैत रात्री डोंगरात मोठा पाऊस झाला. सकाळी गेलो तर बांधामागे पाण्याचा थेंब नव्हता, माथ्याच्या पातळीला सपाट गोट्यांचं मैदान झालं होतं. त्या मैदानावर नाल्याला आता कुठेही वळायची मोकळीक होती. तो डावीकडे वळला, विंग वॉलच्या, म्हणजे बांधाच्या टोकाला काठात शिरलेल्या भिंतीच्या, बाहेरून काठ कापला आणि अर्धा एकर केळीचा बाग घेऊन गेला. बांध जागच्या जागी शाबूत होता. एका बाजूला कोरडा बांध आणि दुसऱ्या बाजूला वाहणारा नाला, असं ते दृश्य होतं. तो शेतकरी माझ्यावर ओरडला नाही. कापलेल्या काठावर उभा राहून लोंबणाऱ्या केळीच्या मुळ्यांकडे बघत राहिला.

तेव्हापासून मी मनाशी एक गोष्ट धरली. डोंगरातला नाला दोन गोष्टी वाहून आणतो, पाणी आणि दगड. आपण विसर्ग फक्त पाण्याचा काढतो. दगडांचा हिशोब कागदावर कुठेच नसतो, म्हणून तो नाला स्वतः पुरा करून घेतो.

आपल्या भागात हे जास्त का जाणवतं ते बघा. तापीचं खोरं ही भूगर्भातल्या मोठ्या भेगांच्या बाजूने खचलेली पट्टी आहे. उत्तरेला सातपुडा जवळजवळ भिंतीसारखा उभा. अनेर, अरुणावती, गोमाई, सुकी, मोर आणि त्यांच्यामधले शेकडो नाले डोंगरातून तीव्र उताराने येतात आणि पायथ्याशी एकाएकी सपाटीवर उतरतात. उतार मोडला की पाण्याचा जोर मोडतो आणि हातातलं ओझं खाली पडतं. आधी धोंडे, मग गोटे, मग रेव, त्याच्याही पुढे वाळू आणि तापीच्या जवळ पिवळी माती. हजारो वर्षं हेच चालत आलं म्हणून पायथ्याला पंख्यासारखे पसरलेले भरावाचे थर तयार झाले. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. रावेर-यावलच्या केळीला जे पाणी मिळत आलं, ते याच गोट्या-रेवेच्या थरांत मुरलेलं. म्हणजे तुमचा बांध जिथे उभा आहे ती जागाच नाल्याने दगड टाकण्यासाठी निवडलेली आहे. तिथे भिंत घातली की दगड तिथेच पडणार, यात नवल नाही.

आता पाणी दगड कधी हलवतं, ते बघू. तळावर पाण्याची जी ओढ बसते ती खोली आणि उतार यांच्या गुणाकारावर ठरते. एक मीटर खोल पाणी, उतार शंभराला दोन: ९,८१० गुणिले १ गुणिले ०.०२, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १९६ न्यूटन. दगडाला जागेवर धरून ठेवतं त्याचं पाण्यातलं वजन. आपल्या काळ्या दगडाचं ते घनमीटरला अंदाजे १८,००० न्यूटन धरा. शील्ड्स या जर्मनीत काम करणाऱ्या अमेरिकन संशोधकाने १९३६ साली दाखवलं की या ओढीचं आणि दगडाच्या पाण्यातल्या वजन व आकाराच्या गुणाकाराचं गुणोत्तर साधारण ०.०४५ ते ०.०६ च्या पुढे गेलं की दगड हलायला लागतात. ०.०४७ धरून भागाकार करा, उत्तर येतं २३ सेंटीमीटर. कमरेएवढं पाणी आणि नारळाहून मोठा गोटा. आता मैदानातली मोठी नदी घ्या: किलोमीटरला अर्धा मीटर उतार आणि चार मीटर खोल पाणी. तेच गणित २.३ सेंटीमीटर देतं, म्हणजे खडीचा खडा. पाणी चौपट खोल, पण हलणारा दगड एक दशांश. तापीच्या पुराचा अनुभव नाल्याला लावता येत नाही, तो यामुळे.

हे गणित दिशा दाखवायला ठीक आहे, त्यावर पैज लावू नका. खऱ्या नाल्यात सगळे दगड एका मापाचे नसतात. लहान गोटे मोठ्यांच्या आडोशाला बसतात, मोठे उघडे पडून पाण्याचा मार खातात. बारीक माल धुऊन गेल्यावर पात्रावर मोठ्या दगडांची एक फरशी जमते, आणि तिच्याखाली बारीक रेव-वाळू झाकलेली असते. एखादा गोटा उपटून बघा, खाली ओली वाळू दिसेल. छोट्या-मध्यम पुरांत ही फरशी टिकते, नाला शहाण्यासारखा वाहतो, दोन-तीन वर्षं काही होत नाही. आपण समजतो, नाला स्थिर आहे. मग एका रात्री पाणी एका पातळीच्या वर जातं, फरशी फुटते आणि खालचा सगळा माल एकदम मोकळा होतो. वर्षभराचा, कधी कधी कित्येक वर्षांचा दगड त्या चार-सहा तासांत खाली येतो. अशा वेळी काठावर उभं राहिलं तर पाण्याच्या आवाजाच्या खाली दुसरा, जाडसर गडगडाट ऐकू येतो आणि पायाखालची जमीन थरथरते. तो आवाज दगडांवर दगड आपटल्याचा असतो.

दगड किती येईल याचं सूत्र तुम्ही शोधलं असेलच. बेड लोडसाठी, म्हणजे तळावरून घरंगळत जाणाऱ्या दगडांसाठी, सगळ्यात प्रसिद्ध ते मायर-पीटर आणि म्युलर यांचं, १९४८ सालचं, झुरिचच्या प्रयोगशाळेतलं. त्यांचे प्रयोग शंभराला दोनपर्यंतच्या उताराचे आणि मोकळ्या मालाचे होते. तीव्र उताराच्या, धोंड्या-डोहांच्या पायऱ्या असलेल्या नाल्यात पाण्याची बरीच ताकद त्या धोंड्यांना वळसे घालण्यातच खर्च होते. तिथे हे सूत्र कित्येकदा दहापट आणि त्याहून जास्त आकडा देतं. उलट, तरंगत्या गाळाच्या दहा-पंधरा टक्के बेड लोड धरायची आपली जी पद्धत आहे ती मैदानी नद्यांची. डोंगरात ती फार कमी पडते. एक सूत्र जास्त सांगतं, दुसरी पद्धत कमी सांगते. म्हणून मी आकड्यापेक्षा नाल्यातल्या खुणांवर जास्त भरवसा ठेवतो.

खोली काढतानाही हीच गफलत होते. पात्राचा खडबडीतपणा सांगणारा मॅनिंगचा गुणांक आपण सवयीने ०.०३५ लिहितो. शंभराला दोन उताराच्या, मीटरभर पाण्याच्या गोटाड नाल्यात तो ०.०७ च्या आसपास निघतो. गुणांक दुप्पट झाला की त्याच विसर्गाला खोली दीडपट होते. पुलाच्या स्लॅबच्या खालच्या बाजूची पातळी ठरवताना हा फरक पाहिला नाही, तर पहिल्याच मोठ्या पुरात पाणी कठड्यावरून जातं.

आता तुमच्या बांधाकडे येतो. नाल्याची रुंदी १५ मीटर, उतार शंभराला दोन, बांध दीड मीटर. मागचं पाणी सपाट उभं राहतं, म्हणून ७५ मीटर मागेपर्यंतच पोचतं; साठा सुमारे ८४० घनमीटर. दगड मात्र सपाट साचत नाहीत. ते स्वतःचा उतार धरून साचतात, मूळ उताराच्या साधारण अर्धा ते दोन तृतीयांश. १.२ टक्के धरला तर भराव १८७ मीटर मागे जातो आणि २,१०० घनमीटर होतो. म्हणजे बांधाने पाणी धरण्याच्या आपल्या क्षमतेच्या अडीचपट दगड धरला. वरिष्ठ म्हणतात तशी उंची आणखी एक मीटर वाढवली तर भराव ३०० मीटरच्या पुढे जाईल, काठ त्या मानाने बुटके पडतील आणि नाला शेतात शिरेल. माझ्या त्या केळीच्या बागेचं हेच झालं होतं.

भरलेला बांध वाया गेला असंही मानू नका. त्याने वरच्या पात्राचा उतार कमी केलाय, काठांचा पायथा दाबून धरलाय. डोंगरी नाल्यात बुटक्या बांधांची माळ याच कामासाठी घालतात: खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पाया साचणाऱ्या भरावाच्या उताराने जोडले जातील इतक्या अंतरावर. तुमच्या नाल्यात ते अंतर अंदाजे १८५ मीटर येतं. पण ती दगड थोपवण्याची योजना झाली. पाणी साठवण्याची नाही, हे अंदाजपत्रकात पहिल्याच ओळीत लिहा, म्हणजे दोन वर्षांनी कोणी ‘बंधारा फेल’ म्हणणार नाही.

माथा मात्र सरळ ठेवू नका. मधोमध खाच ठेवा, दोन्ही बाजू काठाकडे चढत्या घ्या, म्हणजे भरल्यानंतरही धार मध्येच राहते. दोन्ही टोकं काठात खोल घुसवा. माथ्यावर घट्ट काळ्या दगडाची फरसबंदी द्या, कारण गोटे घासून साधं काँक्रीट काही वर्षांत पोखरतात. सळ्या उघड्या पडलेले माथे मी पुष्कळ पाहिलेत.

खालच्या फरशी पुलाचं दुखणं याच्याशीच बांधलेलं आहे. अमेरिकेतल्या लेन यांनी १९५५ साली मांडलेला तराजू डोळ्यासमोर आणा. एका पारड्यात पाणी आणि उतार, दुसऱ्यात दगडाचं प्रमाण आणि आकार. वर दगड अडवला की खालच्या पाण्याचं दुसरं पारडं रिकामं होतं. ते पाणी आपलं ओझं भरून काढायला तळ उकरतं, उतार कमी होईपर्यंत उकरत राहतं. दोन पावसाळे तुमचा बांध भरत होता, तेवढाच काळ पुलाचा पाया उघडा पडत होता. आता बांध भरलाय, दगड पुन्हा माथ्यावरून खाली जायला लागतील आणि उकरणं हळूहळू कमी होईल. उंची वाढवली, तर दगडाविना पाण्याचा हा उपास पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

पुलाच्या पायाची खोली कशी काढायची, हेही तुम्ही विचारलंय. पुरात तळ किती खोल खोदला जाईल ते सांगणारं लेसीचं सूत्र सगळ्यांच्या हाताखालचं. ते १९३० च्या सुमारास उत्तरेकडच्या गाळवट जमिनीतल्या कालव्यांवरून बांधलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पद्धतीत त्यावरून सरासरी खोदाई काढून मधल्या खांबाला दुप्पट आणि अबटमेंटला, म्हणजे काठाकडच्या टेकूला, १.२७ पट धरतात. तापीच्या वाळूत ते चालेल. गोटाड पात्रात तो आकडा फक्त तुलनेला ठेवा. पाया शक्यतो खडकापर्यंत न्या. खडक हाताशी नसेल तर खालच्या बाजूला पूर्ण रुंदीची, जमिनीत खोल उतरणारी कट-ऑफ वॉल घ्या आणि तिच्यापुढे मोठ्या दगडांची मोकळी पेरणी करा. पावसाळ्यानंतर पात्रात दिसणारी खोदाई खरी समजू नका. पूर ओसरताना खड्डे भरून निघतात, मोठी खोदाई पुराच्या शिखरावर झालेली असते.

आणि कृपा करून पुलाखाली ह्यूम पाइपांची, म्हणजे सिमेंटच्या गोल नळांची, रांग घालू नका. ९०० मिलिमीटरच्या पाइपात एक धोंडा आणि एक सागाचं खोड अडकलं की मोरी बांध होऊन बसते. एकच मोकळा गाळा घ्या, महाग पडला तरी.

गावकऱ्यांच्या पोकलेनबद्दल. नाले खोल-रुंद करण्याच्या शिरपूर पॅटर्नचं नाव आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि पाणी मुरवायचा त्यामागचा विचार मला मोलाचा वाटतो. पण कुठला नाला, कुठल्या जागी, हे न बघता नुसता खड्डा उचलायचा नाही. वाहत्या गोटाड नाल्यात खोल खड्डा केला की त्याच्या वरच्या टोकाला पायरी तयार होते आणि प्रत्येक पुरात ती वर सरकते. वर तुमचा बांध आहे. ती पायरी त्याच्या ॲप्रनखाली, म्हणजे पायथ्याच्या फरसबंदीखाली, पोचेल. खालच्या बाजूला खड्डा भरेपर्यंत पाणी पुन्हा उपाशी, म्हणजे पूल पुन्हा उघडा. शिवाय निघालेले गोटे काठावर रचतात, ते पुढच्या पुरात परत पात्रात. वाळू गेली की काय होतं ते गिरणाकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही, काठच्या आटलेल्या विहिरींनी ते त्याला दाखवलंय.

मुरवण्यासाठीच काम करायचं असेल तर एक गोष्ट जरूर बघा, ती फार कमी जण बघतात. बझाड्यातलं पात्र पाणी पितं, कारण त्याच्या गोट्यांमधल्या फटी उघड्या असतात. उभ्या पाण्यात पुराची बारीक माती खाली बसते आणि दोन बोटं जाडीचा चिखल त्या फटी बंद करतो. बांधात पाणी दिवाळीपर्यंत तुडुंब आणि शेजारची विहीर कोरडी, असं कुठे दिसलं तर आनंद मानू नका. तळ बंद झालाय. उन्हाळ्यात तो वरचा पापुद्रा खरवडून काढा, तेवढंच. खालचे गोटे हलवू नका. बारीक गाळ ही वेगळी गोष्ट आहे. तापीवरच्या हतनूर धरणात पूर्णेच्या काळ्या मातीचा गाळ येऊन बसतो, त्याचे उपाय आणि तुमच्या गोट्यांचे उपाय एक नाहीत.

आपल्या जुन्या लोकांनी हे कसं सांभाळलं ते धुळ्याकडे जाऊन बघा. पांझरेवरचे फडाचे, म्हणजे शेतकऱ्यांच्या सामूहिक सिंचनाचे, बंधारे काही शतकं जुने आहेत. ते बुटके आहेत, पाणी साठवत नाहीत, फक्त पाटात वळवतात. पूर आला की पाणी आणि दगड दोन्ही माथ्यावरून निघून जातात. पाटात आलेला गाळ काढायचं काम फडातल्या लोकांचं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची दारं पावसाळ्याआधी काढून पावसाळा संपताना बसवतात, त्यातही हाच विचार आहे: दगडमातीचा पूर जाऊ द्यायचा, शेवटचं स्वच्छ पाणी अडवायचं. दारं वेळेवर काढली नाहीत की तो बंधारा साधी भिंत होतो.

जागा निवडायची झाली तर डाइक शोधा. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून उभ्या भिंतींसारखे काळ्या दगडाचे डाइक शेकड्यांनी आहेत. जिथे असा डाइक नाला आडवा ओलांडतो तिथे निसर्गाने उंबरठा घालूनच ठेवलेला असतो, खोदाई त्याच्या खाली जात नाही. पाटासाठी तोंड काढायचं असेल तर वळणाच्या बाहेरच्या काठाला काढा. वळणावर तळाचं पाणी दगड घेऊन आतल्या काठाकडे सरकतं. रेव भरणाऱ्या कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला विचारा, चाळलेली रेव कुठल्या वळणाच्या आत मिळते ते तो बोट दाखवून सांगेल. मी दरवेळी विचारतो.

वरच्या डोंगरातही एक चक्कर माराच. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, त्याच रात्री कन्नड घाटात दरडी कोसळल्या. एकदा दरड नाल्यात आली की तो माल खाली यायला पुढची कित्येक वर्षं लागतात. तुमच्या नाल्याच्या वर ताजी दरड असेल तर मागच्या दहा वर्षांचा अनुभव पुढच्या दहा वर्षांना लागू नाही.

आता जूनच्या आधी करायचं काम. सुधारित अंदाजपत्रक थांबवा. बांधाच्या वर, भराव संपतो त्याच्याही पुढे, नाल्यात एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत चालत जा आणि प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाशी येणारा गोटा उचला, न बघता. त्याची ना लांब, ना आखूड, मधली बाजू मोजा. असे शंभर गोटे. वोलमन यांनी १९५४ साली सांगितलेली ही रीत आहे, त्याला लागतात दोन माणसं, एक फूटपट्टी आणि एक सकाळ. लहानापासून मोठ्याकडे लावल्यावर पन्नासावा आणि चौऱ्याऐंशीवा गोटा तुमच्या पुढच्या सगळ्या गणितांचे आकडे.

मग तीन मापांचे वीस-वीस गोटे निवडा, पिवळ्या ऑइलपेंटने रंगवा, नंबर घाला, आणि नाल्यावर आडवी दोरी धरून त्याच ओळीत, आसपासच्या गोट्यांत नीट बसवून ठेवा. वर टाकून देऊ नका, सुटा दगड लवकर हलतो. दोन्ही काठांवर पक्क्या खुणा करून पात्राचे तीन आडवे छेद घ्या: एक बांधाच्या वर, एक बांध आणि पूल यांच्यामध्ये, एक पुलाच्या खाली. पुलाच्या खांबावर पुराची पातळी कळायला रंगाने पट्टे मारा. पोळ्यानंतर पाणी उतरलं की पिवळे गोटे शोधा. बरेच पुरलेले असतील, वीसातले सात-आठ सापडले तरी पुरे. कुठल्या मापाचा कुठवर गेला आणि पट्ट्यावर पाणी किती चढलं होतं, एवढं एका कागदावर मांडून मला पाठवा. पुलाच्या पायापुढे तोवर मोठे दगड पेरून ठेवा; त्याला आणखी मोजमापाची वाट बघायची गरज नाही.